लाभलेलं झबलं

वेणूबाईने झबलं उलटं केलं, शिवण बोटाने चाचपली, मग ते नाकाला लावून डोळे मिटले.

"साबण बरा वापरलाय," तिने निकाल दिला. "बंद कुणी लावले?"

"मीच," सोनिया म्हणाली. "जुने तुटले होते."

"टाका बारीक आहे तुझा. बस."

सोनिया स्टुलाच्या कडेवर बसली.

वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा होता. जगात यायची घाई केलेली, मूठभर वजनाची बाळं काचेच्या पेटीतून बाहेर निघाली की इथे यायची आणि आईच्या उघड्या छातीवर, तिच्या गाऊनच्या आत, दिवसचे दिवस चिकटून राहायची. भिंतभर सूचनांचे रंगीत फलक होते. ते कुणी वाचत नसे. कुठेही न लिहिलेला नियम मात्र एकच होता आणि तो साहेबांपासून सफाईवालीपर्यंत सगळे पाळत. जे बाळ धड घरी गेलं, रुजलं, वाढलं, त्याचंच झबलं-टोपडं कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात परत यायचं. वाढत्या लेकराचं वापरलेलं कापड नव्याला लाभतं. नवंकोरं तर बारशापर्यंत घालायचंच नाही. आणि जे बाळ गेलं, त्याचं चिरगूटसुद्धा मागे ठेवायचं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी एकदा भर वॉर्डात या प्रकाराला अंधश्रद्धा म्हटलं होतं. पुढे त्यांना नात झाली, तेव्हा त्यांचा ड्रायव्हर गाडी खाली चालू ठेवून झबलं मागायला वर आला होता. वेणूबाईने त्याला दोन दिली. एक डॉक्टरांसाठी, एक विज्ञानासाठी, असं ती म्हणायची.

कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असे. पगारपत्रकावर ती आया होती, पण कपाटापुरती ती हायकोर्ट होती. झबलं आणणाऱ्या प्रत्येक बाईची ती तोंडी परीक्षा घ्यायची.

"सोनू पितो का नीट?"

"पितो."

"रात्रीचा?"

"झोपूच देत नाही, मावशी."

"दिसतो कुणासारखा?"

सोनियाने पदराचा काठ बोटाला गुंडाळला. "सासूबाईंसारखा. कपाळाला आठी घालतो त्यांच्यासारखीच."

"कौसाबाईची आठी!" वेणूबाईला मनापासून हसू फुटलं. "अगो बाई. मग त्याला नोकरी लागणार हो सरकारी."

टेबलाशी बसलेल्या सुनंदा सिस्टरने पेनाला टोपण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं.

सोनू गेल्याचं तिला ठाऊक होतं. नूतन ही सोनियाच्या वस्तीतली आशा सेविका. तिनेच फोन केला होता: "सिस्टर, तुमचा सोनू गेला. न्यूमोनिया झालेला. रिक्षातच गेला." नूतनचा आवाज सरळ होता. तिला त्या वस्तीत काम करून बरीच वर्षं झाली होती. सुनंदाने ते वॉर्डात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेणूबाईने दोन दिवस अन्नाला शिवलं नसतं, आणि इतरांनाही सुखाने जेवू दिलं नसतं.

याच वॉर्डात सोनियाने त्या पोराला छातीवर वाढवलं होतं. उठायची नाही, बोलायची नाही, जांभईसुद्धा जपून द्यायची. विद्यार्थिनी नर्सना सुनंदा तिच्याच खुर्चीशी नेऊन शिकवायची. घरी जाताना तिला नेहमीचं सांगितलं होतं: हवेशीर खोलीत ठेव, सकाळचं कोवळं ऊन दाखव, धुराधुळीत नेऊ नको. बदलापूरला सुनंदाच्या स्वतःच्या गॅलरीत सकाळी इतकं ऊन यायचं, की तिचे यजमान श्रीपादराव पडदा ओढून पेपर वाचायचे.

"पास," वेणूबाई म्हणाली आणि किल्ली काढली.

"मावशी, कपाटात कशाला?" शेजारच्या खुर्चीतून हिमानी म्हणाली. "माझ्या पिल्लूला द्या ना. बाकी सगळं त्याला आजोबाचा कोट घातल्यासारखं होतं."

हिमानीचं बाळ कालच पेटीतून बाहेर आलं होतं. तिच्या गाऊनच्या गळ्यातून त्याचं टोपडं तेवढं दिसत होतं, लिंबाएवढं.

सुनंदा उठली. "आधी उकळायला टाकू ते."

"सिस्टर, मी वास घेतलाय," वेणूबाई दुखावल्या आवाजात म्हणाली.

"तरी."

"उकळूनच आणलंय," सोनिया म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा तिने सुनंदाकडे पाहिलं, आणि सुनंदाला कळलं की आपल्याला ठाऊक आहे हे हिला आताच समजलं. सोनियाने नजर काढून घेतली नाही. झबल्यावर ठेवलेला हातही नाही. "कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे, सिस्टर. असं घडी करून नाही बघवत."

"बघा, किती चांगली आहे," हिमानी म्हणाली. "दीदी, मग तूच घाल ना. तुझ्या हाताने. तुझ्या सोनूसारखा गुटगुटीत होऊ दे."

हे सोनियाच्या हिशेबात नव्हतं. ती तशीच बसून राहिली. वेणूबाईने मायेने तिच्या पाठीत धपका घातला. "ऊठ गं. लाजते काय? हात धू जा."

सुनंदाला एका शब्दात हे थांबवता आलं असतं. तो शब्द जिभेवर घेऊन ती बेसिनपर्यंत सोनियासोबत गेली, नळ सोडला, आणि तिच्या हातांवर साबण घातला. सोनियाने शिकवल्याप्रमाणे कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

बाळ बाहेर काढल्यावर ते आखडलं आणि बारीक कुरकुरलं. सोनियाने तळहाताने त्याची मान सावरली. एक हात बाहीतून, मग दुसरा. बोटं अडकू नयेत म्हणून तिने त्याची मूठ आपल्या चिमटीत धरून अलगद पुढे ओढली. बंद बांधताना गाठ बाजूला घेतली, पोटावर येऊ नये म्हणून. सगळं इतकं सराईतपणे झालं, की समोरच्या खुर्च्यांतल्या बायका टीव्ही पाहावा तसं पाहत राहिल्या.

बाळ पुन्हा कुरकुरलं, तसा सोनियाच्या पोलक्याच्या छातीवर ओला डाग पसरला.

"घ्या!" वेणूबाई म्हणाली. "तिकडे सोनूला भूक लागली बघ. जा गं बाई घरी, वाट बघत असेल पोरगं."

वॉर्ड हसला. सोनियाही हसली. सुनंदाने कपाटाआडचं दुपटं ओढून तिच्या खांद्यावरून पुढे टाकलं आणि उगाच म्हणाली, "पंखा लागतोय इथे."

हिमानीने बाळाला पुन्हा छातीशी घेतलं. "दीदी, तुम्ही राहता कुठे?"

"आता वांगणीला. सासूबाईंच्या भावाकडे गेलो आम्ही."

"आणि पहिले?"

"इथंच. नाल्याकडच्या चाळीत. बंद पडलेल्या जीन्स वॉशिंगच्या कारखान्यामागं."

"अरे, मग ती खोली खाली असेल!" हिमानी खुर्चीत सरळ झाली. "माझा नवरा राजू रोज खोली शोधत फिरतोय. किती भाडं? जाऊ दे, जितकं असेल तितकं. मालकाचा नंबर दे ना मला. तुझा सोनू वाढला ना तिथं? म्हणजे खोली लाभाची."

"अगदी," वेणूबाई म्हणाली. "कापड लाभतं तर जागा का नाही लाभणार?"

नूतनकडून ऐकलेलं आठवून सुनंदा म्हणाली, "हिमानी, त्या खोलीला खिडकी नाहीये."

"खिडकी कुणाच्या खोलीला असते, सिस्टर?"

हा प्रश्न नव्हता, आणि असता तरी त्याचं उत्तर वॉर्डातल्या कुठल्याच फलकावर नव्हतं.

"नंबर दे ना, दीदी. लगेच राजूला फोन करते."

सोनियाने पिशवीतून मोबाईल काढला. पाहिला. परत ठेवला.

"ती घेऊ नका," ती म्हणाली.

"का? दुसऱ्या कुणाला सांगितलंय?"

"नाही."

"मग?"

"भिंतीला ओल आहे. शेजारच्या घरात जीन्सचे धागे कापतात. मी पण कापायचे. बारीक कापूस उडत राहतो दिवसभर. दार लावलं तर जीव गुदमरतो, उघडलं तर नाल्याचा वास. नाक पुसलं ना त्याचं, तर निळं यायचं."

"पण राहिला ना तो त्यातही?" हिमानी समजूत घालावी तशी म्हणाली. "असं बघ, आपल्या लोकांना..."

"नाही राहिला."

वेणूबाईच्या हातातली किल्ली कपाटाच्या भोकातच राहिली.

"श्वास घेताना छाती आत जायची," सोनिया म्हणाली. ती कुणाकडेच पाहत नव्हती. "सिस्टरनी दाखवलं होतं मला, असं झालं की लगेच निघायचं. लगेच निघालो आम्ही. माझा नवरा महेश पळत रिक्षा आणायला गेला. सगळं सांगितलं तसंच केलं मी, मावशी. हे खरं सांगते. बाकीचं खोटं बोलले."

सुनंदाला वाटलं, आता वेणूबाई ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण वेणूबाई खाली मान घालून हिमानीच्या खुर्चीशी आली.

"आण, पोरी," ती हळूच म्हणाली. "काढते मी. दुसरं बघू. मोठं तर मोठं. दुमडून घालू."

हिमानीचा हात गाऊनच्या आत गेला. बोटांना गाठ सापडली असावी, कारण तिथे तो थांबला. सोनियाने मान फिरवली आणि ती आपल्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली. अर्धी, मग पुन्हा अर्धी.

"राहू दे, मावशी," हिमानी म्हणाली.

"अगं, पण..."

"आमची आताची खोली पण तशीच आहे. काळी धूळ येते, इतकाच फरक."

वेणूबाई उभ्या जागी खाली फरशीवर बसली. सुनंदाने तिला उठवलं नाही.

हिमानीने हात बाहेर काढला, डोळे पुसले, मग बाळाच्या टोपड्यावर हनुवटी टेकवली. ते अजून चुळबुळत होतं; झोप येत होती, पण जमत नव्हती.

"दीदी," ती म्हणाली. "सोनू कुठल्या बाजूला झोपायचा?"

सोनियाची घडी घालणारी बोटं थांबली.

"डाव्या," ती म्हणाली. "थोडं वर घे. तिथं ठोका ऐकू येतो."

हिमानीने बाळाला डावीकडे सरकवलं.

"अजून वर," सोनिया म्हणाली, आणि स्टूल जवळ ओढलं.