दोन बाण

विद्याधरला त्या दिवशी नायक केलं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. हा अंधेरीच्या कॉलेजातला पोरगा, कँटीनमध्ये चहा सांगू की कॉफी यावर घटकाभर घालवणारा. त्याच्या हाती रोव्हर स्काउटांची, म्हणजे कॉलेजातल्या स्काउटांची, तुकडी! तुकडीत तरी कोण, तर त्याचेच वर्गमित्र बाळ आणि नंदू. त्यांना स्काउटिंग शिकवणारे शरच्चंद्र सर बोरिवलीच्या डोंगरात पुढे गेले होते, वाटेवर दगडांचे बाण मांडत. त्यांच्या मागाने माथा गाठायचा. जमलं तर विद्याधर कायमचा नायक, नाही तर दुसरा कुणी.

अर्ध्या वाटेत बाळचा पाय मुरगळला नि टम्म सुजला. दोन काठ्यांत सदरे ओवून त्यांनी झोळी केली आणि बाळला तिच्यात घातलं. थोडं पुढे गेले तर वाट फुटलेली, आणि दोन्ही फाट्यांवर बाण.

"डावीकडे चल रे," नंदू म्हणाला.

"उजवीकडे चढ कमी दिसतोय," बाळ झोळीतून म्हणाला.

विद्याधरला दोघांचंही पटलं. हीच तर त्याची खोड. त्याचं डोकं पार गरगरायला लागलं. शेवटी तो म्हणाला, "मागे फिरू. आलो त्या बाणांवरून."

नंदूचा चेहरा पडला. "बाण मोडले मी. शेवटच्याने खुणा मोडत यायच्या, नियमच आहे ना?"

नियम होताच. मागे पाहावं तर करवंदीच्या जाळ्यांतून गुरांच्या पायवाटाच पायवाटा.

बाळ कण्हला. खाली कुठंतरी ओढा वाहत होता. पाणी बोरिवलीकडे उतरतं असं विद्याधरला वाटत होतं, पण खात्री कशाचीच नव्हती.

"उचल," तो म्हणाला. "ओढ्याने खाली जायचं. माथा राहू दे."

नायकपद गेलं, हे त्याला झोळी उचलतानाच कळलं, आणि फार वाईट वाटलं.

ओढ्याकाठी सर शोधत आलेच, घामाघूम. "दोन्ही बाण मीच मांडले होते. तू काय ठरवतोस ते बघायचं होतं." मग त्यांना बाळचा पाय दिसला नि ते ओशाळले. स्काउटांच्या रीतीने त्यांनी डावा हात पुढे केला. "शाबास, नायक."

विद्याधर गोंधळून त्या हाताकडे बघत राहिला. शाबासकी कशाची? माथा तर राहिला. त्याचे दोन्ही हात काठ्यांना अडकलेले, आणि मागे नंदूच्या हातून काठ्या निसटायला लागल्या होत्या.

"सर, हात नंतर," तो म्हणाला. "आधी नंदूकडचं टोक धरा."

सरांनी लगेच टोक धरलं. आपण सरांना हुकूम सोडला, हे विद्याधरच्या ध्यानात आलं ते बोरिवलीची घरं दिसल्यावर.