ठिकाण अज्ञात

आपली मासे लागायची जागा बाबांनी सख्ख्या भावालाही कधी सांगितली नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन खुणा एका रेषेत आल्या की जाळं टाकायचं, हे त्यांनी मला दाखवलं तेही शपथ घालून. म्हणून इथेही मी लिहिणार नाही.

त्याच जागी गेल्या वर्षी जाळ्यात दगडाचा एक गोळा आला. होडीत आपटून दोन तुकडे झाले, आणि आत अख्खी कुर्ली! नांग्यांसकट दगड झालेली. असल्या वस्तू गोळा करायचा मला नादच आहे. रत्नागिरीत लोकांनी आणलेले दगड ओळखून द्यायला पुण्याचे एक तज्ज्ञ यायचे होते, तिथे मी बाबांना ओढत नेलं.

भिंग लावताच सर खुर्चीतून उठलेच. "जीवाश्म आहे! लाखो वर्षांचा खेकडा. पण मिळाला नेमका कुठे? जागा माहीत नसेल तर हा नुसता दगड."

बाबांनी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. मग सरांच्या कानाशी वाकून त्यांनी सगळं सांगितलं. सर "हं, हं" करत राहिले. पण लिहून घ्यायला पेनाचं टोपण काही त्यांनी काढलं नाही. ते मी पाहिलं आणि मोठा माणूस, लक्षात ठेवील, म्हणून मूर्खासारखी गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो.

कुर्ली अभ्यासासाठी त्यांच्याकडेच राहिली. तीन महिन्यांनी ती एका प्रदर्शनात काचेच्या पेटीत दिसली. खाली चिठ्ठी होती. शोधक म्हणून सरांचं नाव. 'ठिकाण : अज्ञात. एका मच्छीमाराकडून प्राप्त.'

एका मच्छीमाराकडून! धोंडू हे बाबांचं नाव लिहायला किती शाई लागते? माझं डोकं फिरलं. बाबांनी ती चिठ्ठी अक्षराला अक्षर जोडून वाचली आणि "चल" एवढंच म्हणाले.

गेल्या आठवड्यात सर स्वतः पूर्णगडला आमच्या होडीपाशी हजर. "काका, ती जागा पुन्हा सांगता का? जरा विसरलो. परदेशात लेख पाठवायचाय, जागेशिवाय ते घेत नाहीत."

मी तोंड सोडणारच होते, पण बाबांनी मला हातानेच थांबवलं.

"सायेब, तुमीच बोललात ना, जागा म्हायत नसली तर नुसता दगड?"

"हो, म्हणूनच तर आलो."

"मग आमचा दगड आमाला परत द्या."

सर हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला तो तसाच ठेवला.