नुसता लाल ठिपका

मित्रांनो, दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या उजव्या हाताला ट्रॉलीवर एक करडं खोकं बसलेलं असतं ना, ते मी. एक जुनं लेझर यंत्र. खुर्चीतली माणसं 'आ' करून छताकडे बघत असतात, त्यामुळे मला नीट असं कुणी पाहिलेलंच नाही.

ज्या खोलीत धुळीचा कणही शिरू देत नाहीत, अशा खोलीत माझा जन्म झाला. पांढरे झगे घातलेल्या बायकांनी श्वास रोखून माझ्या पोटातून केसाएवढा बारीक काचेचा तंतू बाहेर काढला. तो माझा हात.

थोरल्या डॉक्टरांनी मला हौसेने आणलं. दाताच्या मुळात अगदी बारीक नळ्या असतात. त्यांत जंतू शिरले की ठणका लागतो. थोरले डॉक्टर आधी पातळ सुयांनी नळी साफ करत, औषधी पाण्याने पुन्हा पुन्हा धूत आणि मग माझा तंतू आत सोडत. जिथे सुई पोचत नाही, त्या गल्लीबोळांतले जंतू मी मारायचो. माझा खरा किरण डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त लाल ठिपका, आणि तो नुसती वाट दाखवतो. पायाखालची कळ दाबली, तरच मी काम करतो.

डोळे जपायला सगळ्यांना चष्मे घालावे लागत. एक आजी म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, दात काढताय की सिनेमात घेताय मला?"

"आजी, दात वाचवतोय. सिनेमाचं नंतर बघू!"

ते दिवस सुखाचे होते. मग थोरले डॉक्टर थकले आणि त्यांचा मुलगा खुर्चीपाशी आला. धाकटे डॉक्टर सदा घाईत. एकदा खुर्चीचं चाक माझ्या तंतूवरून गेलं आणि त्याचं बारीक टोक कट्‌कन तुटलं.

मदतनीस ताई म्हणाल्या, "डॉक्टर, नवा तंतू मागवायला हवा. हा आता आत जाणार नाही."

"मागवू हो. ठिपका पडतोय ना? झालं तर."

तो मागवलाच नाही. बाहेरच्या पाटीवर मात्र माझं नाव दारापेक्षा मोठं राहिलं.

ती पाटी वाचूनच एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. घरी मुलीला बबडी म्हणत. सायकलवरून पडून तिच्या पुढच्या दाताला मार बसला होता. दात काळवंडला होता. तो दुधाचा नव्हता, गेला असता तर पुन्हा येणार नव्हता.

"काका, माझा दात राहील ना?" बबडीने विचारलं.

"राहील म्हणजे काय! हे बघ, लाल दिवा लागला की जंतूंची पळता भुई थोडी!"

त्यांनी दोन-चार सुया फिरवल्या आणि पाण्याची एकच पिचकारी मारली. मग ऐटीत सगळ्यांना चष्मे घातले आणि माझा ठिपका त्या दातावर धरला. त्यांचा पाय कळेकडे गेलाच नाही. मी वाट पाहत राहिलो. आई मात्र कौतुकाने बघत होती. "बघ बबडे, दुखतंय का तरी?"

मित्रांनो, माझ्याशिवायही दात वाचतात. सुया आणि पाण्याला पुरेसा वेळ दिला असता, तर तिचाही वाचला असता. पण दिवा दाखवला की काम झाल्यासारखं दिसतं, मग वेळ कोण देतो?

काही महिन्यांनी बबडी परत आली, ओठ सुजलेला, हिरडीवर पुवाची पुळी. मुळाभोवतीचं हाड पोखरलं होतं. दात काढावा लागला. ती रडली नाही, फक्त तोंडावर हात ठेवून बसली. आईने हात बाजूला केला की पुन्हा ठेवायची.

जाताना आई धाकट्या डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार? लेझरसुद्धा करून पाहिलंत. मीच तिला लवकर आणायला हवं होतं."

धाकटे डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी." आणि हात धुवायला गेले.

ताई खाली बघत ट्रे पुसत राहिल्या. मला तोंड असतं तर मी त्या माउलीला दारातून परत बोलावलं असतं. तिचा दोष नव्हता हो. ती मात्र तो दोष कडेवर घेऊन गेली.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी यंत्रं दुरुस्त करेल. माझ्यासारखं काही मोडलं तर वेळेवर नीट करा. नीट होत नसेल तर खुशाल भंगारात टाका, मला राग येणार नाही. पण कुणा लेकराच्या तोंडावर मला नुसतं पेटवून धरू नका.