भेगेवरची काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. लांबीला तुमच्या बोटाएवढी. डोंगराच्या पोटातल्या एका गुहेत, तिच्या सर्वांत मोठ्या दालनात, भिंतीवरच्या भेगेवर मला आडवी बसवली आहे. सारं आयुष्य एका जागी गेलं, पण एकही दिवस निर्धास्त गेला नाही.

कारागिराने एका मोठ्या तावदानातून मला कापलं. माझी भावंडं खिडक्यांत आणि तसबिरींवर गेली. मला एका इंजिनिअरने कागदात गुंडाळून इथे आणलं. तेव्हा गुहेत वीज नव्हती. एक वाटाड्या हातात कंदील घेऊन दहा-दहा माणसांना आत नेई आणि छतावरून लोंबणारे दगडी सुळके दाखवी. इंजिनिअरने भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंट थापून त्यात माझी टोकं रुतवली आणि वाटाड्याला सांगितलं, "भेग जुनीच आहे. पण ती रुंदावली तर ही काच तडकेल. मग कुणालाही आत सोडू नका."

म्हणजे फुटणं हेच माझं काम होतं, आणि मी फुटू नये अशी सगळ्यांची इच्छा होती.

वाटाड्या रोज सकाळी स्टुलावर चढून मला ओल्या फडक्याने पुसत असे. "ही आमची पहारेकरीण," तो पाहुण्यांना सांगे. "रजा मागत नाही, कुरकुर करत नाही." लोक हसत. मी मनातून फुलून जाई.

पुढे त्याचे गुडघे थकले आणि त्याची मुलगी माणसांना आत नेऊ लागली. सगळे तिला ताई म्हणत. बाहेरचा कारभार तिच्या काकांकडे होता. काका मनाने वाईट नव्हते, पण त्यांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. "माणसं एवढा डोंगर चढून येतात आणि तासाभरात परत जातात," ते म्हणत. "त्यांना दिवसभर रमवायला काहीतरी हवं."

मग गुहेत दिवे आले, पायऱ्या आल्या. तोंडाशी झोपाळे आणि घसरगुंड्या आल्या. छोटी आगगाडी आली, मागोमाग चक्री पाळणा आला. यातलं मी काहीच पाहिलं नाही. मला सगळं हादऱ्यांतून कळलं. आगगाडीने नुसत्या गुदगुल्या केल्या. पाळण्याचे खांब रोवले, त्या दिवशी मात्र माझ्या दोन्ही टोकांना ताण बसला.

एके दिवशी थेट माझ्या डोक्यावर खडक पोखरायला सुरुवात झाली. रोलर कोस्टर उभा राहणार होता.

"काका, खांब दालनाच्या बरोबर वर येतायत," ताई म्हणाली. "थोडे पलीकडे घ्या ना."

"काच फुटली का?"

"नाही."

"मग झालं तर. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

मित्रांनो, मी शाबूत असल्याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. माझ्या गप्प राहण्याचीच त्यांनी परवानगी करून टाकली होती.

पुढे दालनाचा समुद्रातला महाल करायचं ठरलं. रंगाऱ्याने सगळ्या भिंतींवर निळा रंग फवारला आणि मीही त्याखाली गेले. ताईच्या जागी माहिती सांगणारा भोंगा आला. तिला फाटकावर तिकिटं तपासायला बसवलं. आता मला पुसायला कुणी येईना. वरून रोलर कोस्टरची गाडी धडधडत गेली की मी अंधारात थरथरत असे.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मी तडकले. आवाज बिस्किट मोडावं एवढाच झाला. दालनात पन्नास-साठ माणसं होती आणि गाणी मोठ्याने लागली होती. रंगाखाली माझे दोन तुकडे झाले होते, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

फाटकावर ताईला एक गोष्ट खटकली, हे मला मागाहून कळलं. गुहेतून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या केसांवर दगडाची पांढरी भुकटी होती. तिने तिकिटं तशीच टेबलावर टाकली आणि आत धावली. दालनात पाहुण्यांचे फोटो काढणाऱ्याचं स्टूल ओढून ती चढली, केसांतली पिन काढून माझ्यावरचा रंग खरवडला आणि बोट फिरवलं. बोट कापलं.

ती खाली उतरली, तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता. "सगळ्यांनी सावकाश बाहेर चला. मुलांचे हात धरा."

"आत्ताच तर आलो," कुणी कुरकुरलं.

"हो, पण चला," ती म्हणाली आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

काका तणतणत आले. "एवढ्याशा काचेसाठी गुहा रिकामी केलीस?"

ताईने स्टूल पुढे केलं. काका चढले. माझ्या दोन तुकड्यांमध्ये त्यांच्या अंगठ्याचं नख सहज शिरलं. तेवढ्यात वरून गाडी गेली आणि नखाखाली मी करकरले. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वरची गाडी थांबवायला सांग," ते पुटपुटले. "नाही, थांब. मीच जातो." आणि कित्येक वर्षांत चार पावलं न धावलेला तो माणूस पायऱ्यांवरून धावत सुटला.

आता दालन पाहुण्यांसाठी बंद आहे आणि वरचे खांब उतरवताहेत. छत कोसळलेलं नाही. कोसळेल की नाही, हे इंजिनिअरही सांगू शकत नाहीत. काही लोक म्हणतात, ताईने उगाच बाऊ केला. ती वाद घालत नाही.

मित्रांनो, कुणी काळजीने काही सांगत असेल, तर "अजून काही झालं नाही ना?" असं म्हणून त्याला गप्प करू नका. भिंतीवर रंग देण्याआधी एकदा हात फिरवून बघा.

माझ्या शेजारी आता नवी काचपट्टी बसवली आहे. ताई आणि काका रोज सकाळी आळीपाळीने तिला पुसतात. डोंगरात बारीकसं काही करकरलं की आम्ही तिघंही आधी तिच्याकडे बघतो.