बयाबाई माझ्यावर बसली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे, कामशेतजवळच्या एका गावातल्या शाळेची. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. १९२२ साली विणणाऱ्याने माझे सूत इतके घट्ट ठोकले, की माझी वीण अजून सैल झालेली नाही.

शाळेत कार्यक्रम असला की गाव माझ्यावर बसे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसे मात्र माझ्या कडेपासून चार हात दूर, मातीत बसत. त्यांनी मला शिवायचे नाही, असा दंडक होता. मला कोणी विचारले नव्हते.

१९३४ च्या बक्षीस समारंभाला त्या वस्तीतली बयाबाई आली. तिची नंदा चौथीत पहिली आली होती. ओढ्यावर पाय धुऊन बयाबाई सरळ आली आणि माझ्यावर बसली.

शाळा कमिटीचे प्रमुख रखमाजी पाटील म्हणाले, "बया, ऊठ. तुझी जागा तितं हाय."

"आबा, माज्या पोरीचं नाव पयलं पुकारणार हायेत," ती हळू आवाजात म्हणाली. "ते मी मातीत बसून ऐकायची न्हाई."

निम्मे लोक उठून गेले. हेडमास्तर राजमहंमद यांनी तरीही यादी उघडली आणि नंदाचे नाव खणखणीत वाचले.

त्या वर्षी बयाबाईला भातकापणीला कोणी बोलावले नाही. ती कामशेतच्या बाजारात मोळ्या विकू लागली. पण पुढच्या समारंभाला ती एकटी नव्हती. वस्तीतल्या अकरा बायका तिच्यासोबत माझ्यावर बसल्या. मग कमिटीने मला पेटीत घालून कुलूप लावले. तीन वर्षे सगळेच मातीत बसले, पाटीलही. माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला.

मातीत बसून बसून पाटलांचे गुडघे धरले. एक दिवस ते मास्तरांना म्हणाले, "ती सतरंजी काढा आता."

"बयाबाई आणि त्या बायकाही बसतील. चालेल?"

"बसू द्या," पाटील म्हणाले. "मातीत तर तीन वर्सं संगतीच बसलो."

माझा कुरतडलेला कोपरा बयाबाईने स्वतः रफू केला. माझ्यावर किती मोठी माणसे बसून गेली, पण मला अभिमान तिचा आहे.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटका, उंदरांपासून जपा. आणि अंथराल तेव्हा पूर्ण उलगडून अंथरा. कोणाला जागा मिळू नये म्हणून मला दुमडू नका.