गुंडोअण्णांची दुसरी अंघोळ

गुंडोअण्णा रोज दोन अंघोळी करत. पहिली देवासाठी, दुसरी मांजरीमुळे. त्यांची बहीण कृष्णाबाई हिची ही मांजर, बंगारी. अण्णा मडी करून, म्हणजे सोवळ्याचं धोतर नेसून न्हाणीतून बाहेर पडले, की ती शेपूट उभी करून यायची आणि त्यांच्या पोटरीला गाल घासून निघून जायची. "शिवली! कृष्णे, शिवली बघ ही!" की अण्णा परत आत. अख्खी गल्ली टँकरच्या पाण्यावर जगत होती त्या उन्हाळ्यातसुद्धा नेम चुकला नाही. ना त्यांचा, ना तिचा. मी भिंतीला भिंत लावून राहते, सात वर्षं त्या आरोळीवर कुकर लावला आहे.

सोमवारी कृष्णाबाई मागच्या पायरीवर घसरल्या. खुबा मोडला, इस्पितळात नेलं. त्या दिवशी बंगारी त्यांच्या खाटेखाली शिरली ती शिरलीच. खाणं नाही, बाहेर येणं नाही.

मंगळवारी अण्णा म्हणाले, "बरं झालं, पूजा तरी निवांत." बुधवारी एकच अंघोळ करून ते उगीच न्हाणीच्या दाराशी उभे राहिलेले मी पाहिले. गुरुवारी हळूच विचारलं, "सुप्रीता, मांजरं एकादशी धरतात काय गं?" आणि शुक्रवारी सकाळी हा माणूस सोवळ्याच्या धोतरावर, अनवाणी, शिवाजीनगरच्या गर्दीतून जनावरांच्या डॉक्टरला हाताला धरून घेऊन आला.

डॉक्टर महांतेश बेळगावकडचा. खाटेखाली आडवा होऊन त्यानं बॅटरी मारली, हात घालून तिला चाचपलं, एक सुई टोचली.

"कानाच्या आत पिवळं पडाय लागलंय बगा. मांजराला उपास सोसत नाही, लिवर बसतं. संध्याकाळपर्यंत आपणहून चार घास खाल्ली तर सुटली. नाहीतर नाकातून नळी घालून भरवायचं. आणि ती नळी तिला सोसंल असं मी काही सांगणार नाही."

"मग करू काय?"

"तिचं माणूस कोण?"

"इस्पितळात."

"दुसरं? गाल कुणाला घासते?"

अण्णा पोटरीवरचं धोतर झटकू लागले. मीच सांगितलं, "ह्यांनाच. रोज."

"मग हेच की! गालात तिचा वास असतो. ज्याला घासलं तो आपला."

"पण मी लगेच धुऊन टाकतो," अण्णा म्हणाले.

"म्हणून तर रोज घासते. तुम्ही पुसायचं, तिनं परत लावायचं." महांतेशनं पिशवी उचलली. "चिवट बाई आहे. आज परत अंघोळ नको, अण्णा."

दुपारी कृष्णाबाईंचा फोन आला, अण्णांनी तो स्पीकरवर घेतला. "अण्णा, बंगारी जेवली?"

"जेवली की. दूधभात."

"तिला दूध पचत नाही."

अण्णांनी खाटेखाली वाकून पाहिलं.

"खोटं बोलायला तरी घरात लक्ष असावं लागतं रे. ती गेली तर मी कुणासाठी उठून चालायला शिकू?"

मी माणसं बारकाईनं बघते, ती माझी खोड. पण त्यानंतर अण्णांच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. त्यांनी धुण्याच्या बादलीतून कालचा बनियन काढला, घामट, चुरगळलेला, तो घातला आणि फरशीवर पोट टेकून अर्धे खाटेखाली गेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दोन्ही गेलेले.

"ये गं. शिव मला. दहादा शिव. हे बघ, धुतलेला नाही मी."

बंगारी भिंतीला चिकटून. डोळे उघडे, पण कशाकडेच बघत नव्हते.

तीन वाजले, चार वाजले. "ए बाई, स्वल्प तरी. एवढंसं." आवाज फाटत चालला होता. मध्येच चिडले, "हट्टी! अगदी कृष्णीसारखी!" आणि लगेच, "नाही नाही, तुला नाही म्हणालो."

पाच वाजता ते आतूनच म्हणाले, "तिचं ते माशाचं पाकीट आण."

ते पाकीट मागच्या कट्ट्यावर डब्यात असायचं. ह्या घरात त्याला कृष्णाबाईंखेरीज कुणी हात लावला नव्हता, आणि त्याही लावून झाला की हात चिंच लावून धुवायच्या. मी चमचा आणायला वळले.

"चमचा कशाला? बोटाला लाव."

ज्या बोटांनी रोज तुळस वाहायची, त्यांवर मी माशाचा लगदा लावला. अण्णांनी डोळे मिटले आणि हात अंधारात लांबवला. देवघरात दिवा लागला नव्हता. लावू का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पुष्कळ वेळ काही नाही. मग बंगारीनं त्यांच्याकडे बघितलं. पापण्या सावकाश मिटल्या, सावकाश उघडल्या. मान पुढं आली. नाक बोटाला लागलं आणि तिथंच थांबलं. मग जीभ. एकदा. परत एकदा. मग मान खाली टेकली.

"खाल्लं?" मी विचारलं.

"अर्धा घास. चार म्हणाला होता तो." हात त्यांनी मागं घेतला नाही. "दुसरं पाकीट फोड. आणि ह्या दुसऱ्या हाताला लाव. लवकर, सुप्रीता, लवकर!"