हळू गेलेलं जहाज

जहाज खाडीच्या टोकापलीकडे दिसेनासं झालं की मग लाट यायची, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होतं. आधी पाणी मागे ओढलं जाई. शेवाळलेले खडक उघडे पडत आणि कुणीतरी ओरडे, "वर व्हा!" मग ती लांबलचक लाट येई. दिसायला बुटकी, पण थांबायचं नावच घेत नसे. जुन्या फेरीबोटींनी असं कधी केलं नव्हतं. हे नवं जलद जहाज आल्यापासून माकेरेच्या घरासमोरचा काठ खचत चालला होता, आणि त्या काठावर त्यांच्या घराण्याची दफनभूमी होती. आई सगळ्यांत शेवटी गेली, म्हणून सगळ्यांत कडेला. आता तिथल्या कुंपणाचा एक खांब अधांतरी लोंबत होता.

जहाजाच्या वेगावर मर्यादा घालावी, अशी माकेरेने तक्रार केली. सुनावणीत ठरलं की बार्टन नावाच्या तज्ज्ञाने खाडीत येऊन लाट मोजायची. जहाज कंपनीला दिवस कळू द्यायचा नाही. बार्टनने माकेरेला फोनवर बजावलं, "कुणालाही सांगू नका."

'कुणालाही' म्हणजे बाहेरच्या कुणालाही. त्यात सख्खा भाऊ येतो, असं माकेरेच्या मनातही आलं नाही. एरुएरा त्याच जहाजावर सुकाणू धरायचा. रविवारी तो जेवायला आला.

"ताई, तुझा लाटमोज्या कधी येतोय?"

"मंगळवारी, सकाळच्या फेरीला. आणि तू तोंड बंद ठेव."

"तुझा तळलेला पाव कोंबलाय तोंडात. उघडतंय कुठे!"

मंगळवारी बार्टनने उथळ पाण्यात मोजणीचा दांडा रोवला आणि त्याची तार काठावरच्या पेटीला जोडली. जहाज टोकाला वळसा घालून आलं. दरवेळी त्याच्या नाकाशी पांढऱ्या पाण्याचा ढीग असायचा, आज नुसती रेघ होती. दफनभूमीसमोर आल्यावर त्याने एकदा भोंगा दिला.

"माझा भाऊ आहे त्यावर," माकेरे बार्टनला म्हणाली. "आईसमोरून जाताना वेग कमी केलाय, बघा." आणि तिने दोन्ही हात उंच करून हलवले.

जहाज गेलं. दोघं वाट पाहत राहिली. पाणी वीतभर मागे सरलं आणि गोट्यांवरून खुळखुळत परत आलं. बार्टनने पेटीत वाकून पाहिलं.

"एवढीच? रोज असंच हळू जातं का हे?"

"नाही. आज पहिल्यांदाच." बोलता बोलताच तिला उमगलं, आणि मघाशी हलवलेले हात तिने पाठीमागे घेतले.

"तुम्ही दिवस कुणाला सांगितला होता?"

भावाची नोकरी डोळ्यांसमोर आली. "नाही," माकेरे म्हणाली. "कुणाला नाही."

पुढच्या रविवारी एरुएरा दारात दिसताच तिने विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"कप्तानाला. त्याने सहज विचारलं, मी सहज सांगून बसलो. बोट बंद झाली तर आम्ही सगळे घरी बसू, ताई."

"आणि आई? ती पाण्यात बसेल, तिचं काय? मी तुला हात करत होते, गाढवा! अभिमानाने!"

तो मान खाली घालून जेवायला बसला. बशीतल्या पावाचे तुकडे करत राहिला. मग म्हणाला, "सुनावणीत मी खरं सांगतो. मुद्दाम हळू नेली म्हणून सांगतो. आईची शपथ."

त्या शपथेवर माकेरेने विश्वास ठेवला. बार्टनलाही तिने काही कळवलं नाही. भाऊ स्वतःच्या तोंडाने सांगणार असताना आपण कशाला चुगली करा, असं तिला वाटलं.

सुनावणीला एरुएरा इस्त्रीच्या गणवेशात उभा राहिला. माकेरेकडे पाहिलं नाही.

"त्या खाडीसमोरून आम्ही नेहमी हळूच जातो," तो म्हणाला. "माझी आई आहे तिथे."

सभागृहात कुणीतरी हळहळलं. माकेरे ताडकन उठून म्हणाली, "खोटं आहे! दिवस मीच त्याला सांगितला होता!" तेव्हा कंपनीच्या वकिलाने शांतपणे बार्टनचा अहवाल वाचला. कुणालाही दिवस सांगितला नव्हता, असं माकेरेनेच म्हटल्याचं त्यात होतं.

वेगावर मर्यादा आली नाही. वसंतापर्यंत आणखी काठ पडला, तेव्हा पिरिमी काकांनी आईला टेकडीवर हलवायचं ठरवलं. घराण्यातली सगळी माणसं जमली. एरुएराही आला.

"शवपेटीला खांदा देऊ का?" त्याने लांबूनच विचारलं.

"तुझीही आई आहे ती," माकेरे म्हणाली. "तुला नाही म्हणायचा हक्क मला नाही."

त्याने खांदा दिला. चढावर तो रडत होता. पिरिमी काकांनी प्रार्थना म्हटली, माती लोटली गेली, आणि माणसं एकेक करून टेकडीवरच्या नव्या कुंपणाच्या फाटकाकडे आली. दफनभूमीतून बाहेर पडताना हातांवर पाणी घ्यायचं असतं. माकेरे तांब्या घेऊन उभी होती. काकांच्या हातांवर तिने पाणी घातलं, चुलतभावांच्या, मग त्यांच्या बायकांच्या.

एरुएरा शेवटी आला. दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला.

माकेरेने तांब्या खाली गवतावर ठेवला आणि जेवणाची पानं मांडायला घराकडे उतरू लागली.

"ताई," तो मागून म्हणाला.

"आहे त्यात पाणी," ती मागे न पाहता म्हणाली. "तुझं तू घे."